ढोके कंट्रोलर आणि पत्राचं दुसरं पान

एका पत्राचं दुसरं पान मी वाचलं नाही. त्यामुळे ज्या माणसाला भेटायला एक लेखक पुण्याहून नेरला येत होता, त्याच माणसाला थाप मारून मी दारव्ह्याच्या बसस्टँडवर पाठवलं.

ही चूक सर्वस्वी माझी. तशा माझ्या नावावर नेरमध्ये बऱ्याच जमा आहेत. वाचनालयाच्या वार्षिक सभेची नोटीस सभेच्या दुसऱ्या दिवशी लावली होती ती मीच. आत वाचत बसलेल्या गृहस्थांना तसंच ठेवून बाहेरून कुलूप घालून जेवायला गेलो होतो तोही मीच. पण त्या गोष्टी मी स्वतः रंगवून सांगतो, त्यामुळे त्यांचा त्रास होत नाही. ही गोष्ट मात्र दुसरे सांगतात. म्हणून म्हटलं, एकदा आपल्याच तोंडून होऊन जाऊ दे.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि वरच्या माडीवर गावाचं वाचनालय. किल्ली माझ्याकडे असते म्हणून मी सचिव. सचिवानं वाचलं पाहिजे असं संस्थेच्या घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. निदान मला तसं वाटतं. घटनाही मी वाचलेली नाही.

आता ढोके. त्यांचं पाळण्यातलं नाव काय होतं हे त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक असेल. गावात ते ढोके कंट्रोलर. एसटीच्या वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि निवृत्त झाल्यावरही ती खिडकी त्यांच्या अंगावरून उतरली नाही. उंच माणूस, पण कमरेपासून थोडा पुढे झुकलेला, जणू समोर सळ्या आहेत आणि पलीकडून कोणी तरी उमरखेडची गाडी विचारतंय. डोळे कायम बारीक. लांबून येणाऱ्या गाडीची पाटी वाचायची सवय. माणूस समोर उभा राहिला तरी ते आधी त्याच्या कपाळावर पाटी शोधत.

रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ते जिना चढत. हजेरीच्या वहीत सगळे नुसती सही करतात; ढोके लिहीत, 'आले १०.१०'. जाताना 'गेले ११.४५'. पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, "सचिवसाहेब, तुमचं घड्याळ चार मिनिटं खोटं बोलून राह्यलं."

पुस्तक घरी नेताना ते आधी पानं मोजत आणि परत करताना माझ्याकडून मोजून घेत. चहावाल्यानं कप ठेवला की उचलून खालून पाहत. कोणी सांगितलं की अमुक आला, तर विचारत, "आला का दिसला?" या प्रश्नामागे त्यांचं एक सूत्र होतं आणि ते गावातल्या शाळकरी पोरींनाही पाठ होतं: "गाडी दिसली म्हणजे आली नाई. फलाटाले लागली म्हणजे आली."

अशा संशयी माणसानं कादंबऱ्या वाचाव्यात, हेच मला संशयास्पद वाटायचं.

आणि वाचायचे तेही एकाच लेखकाच्या. श्रीनिवास आगटे. नागपूरकर भोसल्यांच्या काळातला रखमाजी नावाचा एक जासूद, म्हणजे पत्रांची थैली पोचवणारा माणूस, आणि त्याचे नऊ भागांतले पराक्रम. आमच्या वाचनालयात हे नऊ भाग एका वेळी कपाटात उभे असलेले कोणी पाहिलेले नाहीत. सहावा भाग शिंप्याच्या मशीनवर कापडाखाली, दुसरा सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंच्या टेबलाच्या खणात, सातवा बाजार समितीत कापसाच्या काट्याजवळ. एका भागाची पाठ इतकी उसवली होती की कोणी तरी ती चक्क गोणपाट शिवायच्या सुतळीनं शिवून आणली. लोक रखमाजीबद्दल असे बोलत, जणू तो परवाच नेरवरून गेला. एकदा दोन म्हाताऱ्यांचं भांडण मी सोडवलं. मला वाटलं शेताच्या धुऱ्या-बांधावरून आहे. ते रखमाजीनं चौथ्या भागात बायकोला न सांगता जायला हवं होतं की नको यावरून होतं.

कारण असं की, बाकीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत घोडे दौडतात ते तिकडे, घाटात. हा रखमाजी मात्र आमची अडाण नदी ओलांडतो, अरुणावतीच्या काठी भाकरी सोडतो, आणि नेरच्या अलीकडे एका पळसाखाली त्याच्या घोडीचा नाल निघतो. तो पळस कोणता, यावर नेरमध्ये तीन मतं आहेत.

ढोके मात्र या मंडळींत मिसळत नसत. ते कोपऱ्यातल्या बाकावर बसत, शेजारी खाकी पुठ्ठ्याची लांबोडकी वही. दोन ओळी वाचायच्या, डोळे बारीक करायचे, वहीत काही तरी खरडायचं. मी जवळ गेलो की वही बंद. आता मला सांगा, माणूस वही कधी झाकतो?

एके दिवशी ते पाणी प्यायला उठले आणि मी वही उघडली. चोरून वाचण्यासाठी जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात डाव्या हाताचं पान दिसलं. वर ठळक अक्षरात 'चूक'. खाली यादी. 'भाग दोन. दारव्ह्याहून उमरखेड एका रात्रीत. घोडी आहे का रातराणी?' 'भाग तीन. उजव्या पायानं लंगडते. पाचव्या भागात डावा.' 'भाग सहा. अमावस्येला चंद्र.' पानामागून पान, सगळीकडे डावीकडे 'चूक, चूक, चूक'. तेवढ्यात माठावरचं झाकण वाजलं आणि मी वही मिटली.

मग पोस्टातून कळलं की ढोके दर महिन्याला पुण्याला एक जाड पाकीट पाठवतात. पत्ता: श्रीनिवास आगटे. दोन अधिक दोन करायला मला वेळ लागत नाही. उत्तर पाच येतं ही गोष्ट वेगळी. मी ठरवून टाकलं, हा माणूस त्या बिचाऱ्या लेखकाच्या मागे हात धुऊन लागलाय.

त्याच हिवाळ्यात ढोके दोन दिवस गायब झाले. तिसऱ्या दिवशी १०.१० ला हजर, पण पँटवर गुडघ्याच्या वरपर्यंत गाळाची रेघ.

"कुठं गेलते?" मी विचारलं.

"उमरखेडकडे. पैनगंगेवर."

"पाहुणे आहेत?"

"नाई. उतार पाहाले गेलतो." चौथ्या भागाचं नावच 'पैनगंगेचा उतार'. त्यात रखमाजी कार्तिकात थैली डोक्यावर घेऊन छातीइतक्या पाण्यातून नदी पार करतो. ढोके तो उतार खरंच आहे का हे पाहायला एसटीनं उमरखेडला गेले होते, तिथून पुढे पायी. काठावर वही घेऊन उभे राहिलेले पाहून गावच्या लोकांनी त्यांना जमीन मोजणीवाला समजून घेरलं. यांनी सांगितलं, रखमाजी कुठून उतरला ते पाहतोय. "कोन रखमाजी? आडनाव काय त्याचं?" मग एका म्हाताऱ्यानंच काठीनं जागा दाखवली आणि हा निवृत्त कंट्रोलर पँट वर करून पाण्यात उतरला.

"मग? आहे उतार?"

"हाये. पण पाणी मांडीलेच लागते. त्यानं छातीइतकं लिहिलं."

"म्हणजे खोटं!" मी जरा खुशीतच म्हणालो.

ढोके पँटवरचा गाळ नखानं खरवडू लागले. मग म्हणाले, "त्या वर्षी पाऊस जास्त असन."

जो माणूस चहाच्या कपाला सवलत देत नाही, तो एका लेखकासाठी कुठल्या तरी जुन्या शतकातला पाऊस वाढवत होता. इथेच मला कळायला हवं होतं. पण 'खोटं' हा शब्द मी स्वतःच उच्चारला होता आणि स्वतःचं बोलणं ऐकलं की मला पुढचं ऐकू येत नाही.

आमचं वाकडं आलं ते वाचक कट्ट्यात. दर पंधरा दिवसांनी दहा-बारा माणसं जमतात; सचिव म्हणून मी प्रास्ताविक करतो. त्या दिवशी पाचवा भाग होता. मलपृष्ठावर छापलं होतं, 'रखमाजीचा हा अखेरचा प्रवास ठरणार का?' तेवढं वाचून मी उभा राहिलो आणि रखमाजीच्या मृत्यूवर पाच मिनिटं बोललो. चांगलं बोललो. आवाज दाटला वगैरे. शिंपी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत होता, मला वाटलं गहिवरलाय.

कोपऱ्यातून ढोक्यांचा आवाज आला, अगदी खिडकीतला, सपाट. "कोणत्या पानावर मेला?"

"शेवटी. शेवटाला."

"शेवटाले तं थो जेवून राह्यला."

हशा पिकला. सिस्टरबाई तर पदराआड इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी म्हणालो, मी प्रतीकात्मक मृत्यूबद्दल बोलत होतो. ढोक्यांनी वही उघडली आणि काही तरी लिहिलं. त्या दिवसापासून माझी खात्री झाली की त्या वहीत डाव्या पानावर आता मीही आहे.

आणि तशात आगट्यांचं पत्र आलं.

दोन कागद होते, टाचणी लावलेले. पहिल्यावर लिहिलं होतं की आपल्या वाचनालयास भेट देण्याची इच्छा आहे, रविवारी बडनेऱ्याला रेल्वेनं उतरून मोटारीनं दुपारी येईन, रात्रीच्या गाडीनं परत. शेवटची ओळ 'सत्कार' या शब्दानं सुरू होत होती. तो शब्द वाचताच मी उठलो आणि बॅनरवाल्याकडे धावलो. पत्र फायलीत लावलं. 'सत्कार'च्या पुढे 'नको' होतं, हे नंतर कळलं. त्याच्याही पुढे दुसरं पान होतं.

बॅनर छापून झाला, हार ठरला, आणि मग सभा डोळ्यांसमोर आली. प्रास्ताविक मी करणार. समोर पहिल्या रांगेत ढोके, मांडीवर वही. मी काही बोललो की "कोणत्या पानावर?" आणि माझं आटोपलं की ते आगट्यांकडे वळणार. पुण्याहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला भरसभेत अमावस्येचा चंद्र विचारणार. गावाची अब्रू! असं मी स्वतःला सांगितलं. खरी भीती कोणाच्या अब्रूची होती ते तुम्ही ओळखलं असेल.

शनिवारी मी ढोक्यांच्या घरी गेलो.

"कंट्रोलरसाहेब, आगटे उद्या येतायत, ठाऊक आहे ना?"

त्यांनी नुसती मान हलवली. हातातली चष्म्याची काडी मात्र थांबली.

"ते पुसदला मुक्कामी आहेत. तिथून एसटीनं दारव्ह्यापर्यंत येतील. वय झालंय, सामान आहे. दारव्ह्याला त्यांना उतरवून नेरपर्यंत आणायला जाणतं माणूस पाहिजे. तुमच्याशिवाय दुसरं कोण?"

"कोणत्या गाडीनं?"

मी याची तयारी केली नव्हती. "पुसद-नेर. दीडची."

ढोक्यांनी डोळे बारीक केले. मी मनात म्हटलं, संपलं. ते म्हणाले, "दीडची..." थांबले. मग म्हणाले, "असन. नवी चालू झाली असन." आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. फक्त एवढंच, "नक्की?"

"नक्की."

त्यांनी आत हाक मारली, "अवं, थो पांढरा सदरा काढ." त्या आवाजात जे होतं ते मी तेव्हा मुद्दाम ऐकलं नाही.

रविवारी सकाळी पांढरा सदरा, खांद्यावर पिशवी, पिशवीत वही, अशा वेषात ते दारव्ह्याच्या गाडीत चढलेले मी दुकानातून पाहिले. मोबाइल त्यांनी नेहमीप्रमाणे घरी ठेवला होता. ड्युटीवर फोन नाही हा त्यांचा नियम होता, आणि हे काम त्यांनी ड्युटी म्हणूनच घेतलं होतं.

आगटे दुपारी आले. बारीक चणीचे, ऐंशीच्या घरातले, हातात काठी, आणि आमच्या माणसांपेक्षा बरं ऐकू येणारे. माडी गच्च भरली होती. जिन्यावरही लोक बसले होते. मी प्रास्ताविकात कोणालाही मारलं नाही. 'थोर साहित्यिक' हा शब्द सात वेळा वापरला आणि खाली बसलो. शिंप्यानं उभं राहून विचारलं की रखमाजीला अजून किती भाग जगवणार. सिस्टरबाई म्हणाल्या, "सर, आमच्या अडाण नदीचं नाव मी पहिल्यांदा छापलेलं तुमच्याच पुस्तकात वाचलं. नदी आम्ही रोज पाहतो, पण छापल्यावर ती आम्हाला दिसली." आगट्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, काय मस्त चाललंय सगळं.

मग ते उभे राहिले आणि समोरच्या रांगेवरून नजर फिरवून म्हणाले, "यातले ढोके कोण?"

लोक मागे वळून पाहू लागले.

"मी पुण्यात जन्मलो, पुण्यात वाढलो," आगटे म्हणाले. "पहिला भाग लिहिला तेव्हा मी तुमचा जिल्हा नकाशात पाहिला होता, बस्स. मग मला नेरहून एक पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'तुमचा रखमाजी दारव्ह्याहून निघून ज्या बाजूला सूर्योदय पाहतो, त्या बाजूला सूर्य मावळतो.' तेव्हापासून दर महिन्याला पत्र. प्रत्येक आवृत्तीत मी त्या पत्रांप्रमाणे दुरुस्ती करत आलो. पाचव्या भागापासून पुढचे सगळे रस्ते त्या माणसाचे आहेत. सचिवांना मी कळवलं होतं की मला फक्त त्यांना भेटायचंय, बाकी काही नको. दुसऱ्या पानावर सगळं लिहिलं होतं."

शंभरेक माणसं माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "ते... जरा बाहेरगावी गेलेत. अचानक."

"फोन लावा ना."

मी ढोक्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोचा, इंदूबाईंचा, आवाज मुळातच दोन शेतं ओलांडणारा. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी जिन्यावरच्यांना ऐकू गेला. "काहून विचारून राह्यले भाऊ? तुमीच तं पाठोलं न त्यायले दारव्ह्याले! लेखकाले आणाले! सकाळपासून जेवले बी नाईत, म्हणे थे आल्यावर संगंच जेवू!"

आगट्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एखाद्या नव्या पात्राकडे पाहावं तसं. मग काठी उचलली. "दारव्हा किती लांब?"

"तासाभराचा रस्ता."

"चला. तुम्हीही चला."

हार तसाच टेबलावर राहिला. मोटारीत मी मागे, त्यांच्या शेजारी. ते काचेतून रस्ता पाहत होते. माझ्या डोक्यात मात्र संशयाचा किडा अजून जिवंत होता: ढोक्यांनी पत्रांत माझ्याबद्दल काय काय लिहिलं असेल? मी रखमाजीला मारल्याचं प्रकरण पुण्यापर्यंत गेलं असेल का? तेवढ्यात आगट्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणता भाग जास्त आवडला?"

"पाचवा," मी म्हणालो.

"का बरं?"

मी वेळ मारून न्यायला डोळे मिटून, हात हलवून, मातीचा गंध आणि माणसाची जिद्द यांवर बोलू लागलो. त्याच वेळी समोरून एक लाल गाडी धूळ उडवत आमच्या शेजारून गेली. ड्रायव्हरनं सांगितलं, "नेरची गाडी होती." मी बोलतच होतो.

दारव्ह्याच्या स्टँडवर खिडकीतला कंट्रोलर हसला. "ढोकेसाहेब? ते तं आत्ता नेरच्या गाडीनं गेले. सकाळपासून त्या बाकावर बसले होते. प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन पाहत. चहा दिला तं म्हणे, ड्युटी सुटल्यावर." त्यानं वही पुढे केली. "अन् आमच्या नोंदीतली एक चूक काढून देऊन गेले."

आगटे त्या रिकाम्या बाकावर मिनिटभर बसले. समोर काय दिसतं ते पाहिलं: फलाट, उसाच्या रसाचं दुकान, दिग्रसकडे जाणारा रस्ता. मग उठले. "परत."

नेरच्या स्टँडवर दिवे लागत होते. ढोके घरी गेले नव्हते. ते फलाटाच्या टोकाशी उभे होते, पिशवी छातीशी, पांढऱ्या सदऱ्यावर रस्त्याची लाल धूळ. मोटार थांबली. मी उतरून धावतच गेलो. "कंट्रोलरसाहेब, हे आगटे. श्रीनिवास आगटे."

ढोक्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काठी टेकत येणाऱ्या त्या बारीक माणसाकडे. डोळे बारीक झाले. पाटी शोधली.

"कशावरून?"

मी मध्ये पडायला पुढे झालो. पण आगटे थांबले आणि एखाद्या उमेदवारासारखे उभे राहिले. "विचारा."

"रखमाजीची घोडी कोणत्या पायानं लंगडते?"

"उजव्या," आगटे म्हणाले. मग थबकले. "नाही, डाव्या. थांबा... तिसऱ्या भागात उजव्या लिहिलं, पाचव्यात डाव्या गेलं. तुम्ही कळवलं होतं. दुरुस्ती राहून गेली."

ढोके त्यांच्याकडे बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "तुमीच हायेत," ते म्हणाले. "दुसरा कोणी असता तं बरोबर उत्तर सांगतलं असतं."

पुढची वीस मिनिटं ते दोघं नियंत्रकाच्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसले. मी तीन हात लांब उभा होतो. जवळ जायची हिंमत नव्हती आणि लांब जाववत नव्हतं. आगट्यांनी विचारलं, तुम्हाला हा रखमाजी एवढा का आवडतो? ढोके म्हणाले, "जिंदगीभर मी गाड्या सोडल्या साहेब. उमरखेड, पुसद, पांढरकवडा. सोडणारा कुठंच जात नाई. हा माह्याच खात्यातला, पण हा जाते." मग पिशवीतून वही काढत, "अन् थैली उघडून पाहत नाई. मी असतो तं पह्यल्याच नाक्यावर उघडली असती."

वही उघडली गेली. दिव्याच्या उजेडात आगटे पानं उलटत होते आणि मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तिला उजवीकडचीही पानं आहेत. वर ठळक अक्षरात 'बरोबर'. आणि ती बाजू खालपर्यंत भरलेली. 'पळसाची सावली. बरोबर.' 'भाकरीसोबत ठेचा. बरोबर.' 'बाईनं अनोळखी माणसाला आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं. आमच्याकडे असंच. बरोबर.' डाव्या बाजूला एक ओळ तर उजवीकडे पाच. माझं नाव कुठेच नव्हतं, ना डावीकडे ना उजवीकडे. ते बघून मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा अपमानही झाला.

निघताना आगटे म्हणाले, "दहावा भाग केळापूरकडे जातोय. तिथला रस्ता मला माहीत नाही."

"मी पाहून येतो," ढोके म्हणाले. जसं कोणी म्हणावं, घरी जाऊन येतो.

मोटार बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली. ढोके दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले आणि मग सवयीनं मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली.

दहावा भाग निघाला तेव्हा ढोके नव्हते. छातीच्या दुखण्यानं आदल्या पावसाळ्यातच गेले. तो भाग मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, मलपृष्ठ सोडून. केळापूरच्या रस्त्यावर एका ठिकाणी रखमाजीला एक उंच, पुढे झुकलेला नाकेदार भेटतो. तो त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, पण त्याला जेवू घालतो. तेवढं पान वाचून मी दुकान लवकर बंद केलं.

पण ढोके म्हटलं की मला ते आजारी दिसत नाहीत, पानावरचेही दिसत नाहीत. मला दिसतात ते त्या भेटीनंतरच्या सोमवारी सकाळी, पांढरकवड्याच्या गाडीत, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी. केळापूरला निघाले होते. पिशवीतून वहीचं खाकी टोक वर आलेलं. मी फलाटावर जाऊन उभा राहिलो. माफी मागायला शब्द जुळवून ठेवले होते, ते जुळलेले राहिले नाहीत. शेवटी विचारलं, "कंट्रोलरसाहेब, तुम्ही चहाच्या कपावर विश्वास ठेवत नाही. मग माझ्यावर कसा ठेवला?"

"ठेवाले मन झालं," ते म्हणाले. "तीस वर्सांत एकडाव."

"पण दारव्ह्याला गेल्यावर कळलं असेल ना? मग संध्याकाळपर्यंत कायले बसले?"

"दीडची गाडी नाई, हे पाच मिन्टांत कळलं. माणूस येनार नाई, हे कोणी सांगतलं नोतं."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. ढोक्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली, डोळे बारीक केले, आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा त्या जुन्या, सपाट आवाजात म्हणाले, "सचिवसाहेब, तुमी पुस्तकं वाचत नाई हे साऱ्या गावाले माहीत हाये. पण खोटं बोलाचं होतं तं निदान टाइमटेबल तरी वाचाचं!"